पंपावर तेल भरणारं जहाज

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. निम्मा राग त्या ठकावर असतो आणि निम्मा माझ्या स्वतःवर.

माझ्या निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. त्या दिवशी आठवडी बाजार होता. बाजाराच्या दिवशी ठाण्यात पाकीटमारी, बाचाबाची आणि हरवलेले मोबाइल यांचीच गर्दी असते. त्या गर्दीत एक वयस्कर जोडपं बाकावर दोन तास गुमान बसलं होतं. चाचा एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. नखांतलं काळं ऑइल अजून गेलेलं नव्हतं. शेजारी चाची, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

पाळी आल्यावर चाचा म्हणाले, "तक्रार न्हाय साहेब, एक विचारायचं होतं."

गावातल्या एका सहल कार्यालयात त्यांनी क्रूझचं बुकिंग केलं होतं. मुंबईहून मोठ्या जहाजात बसायचं, चार दिवस समुद्रावर फिरायचं आणि परत यायचं. पूर्ण पैसे भरून झाले. मग कार्यालयवाल्याने जहाज कंपनीचं पत्र दाखवलं, की इंधन महागलंय, जादा रक्कम भरा. यांनी भरली. दोन महिन्यांनी दुसरं पत्र आलं, मजकूर तोच. ते पत्र माझ्या टेबलावर ठेवून चाचा म्हणाले, "आमच्या डेपोला तेलाचा टँकर यायचा साहेब. त्याचा भाव पंपावरच्या भावासारखा नसायचा. मग एवढं मोठं जहाज पंपाच्या भावानं तेल घेतं का हो? ह्यात तर लिटरचा भाव लिहिलाय, पैशासकट."

प्रश्न लाखमोलाचा होता. पण आमचे ठाणे अंमलदार मध्येच बोलले, "चाचा, आपल्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय, आन् तुमी चार दिवस पाण्यावर ऱ्हायला निघालात व्हय?"

सगळं ठाणं हसलं. मीही हसलो. वर शहाणपण शिकवलं, "डिझेल वाढलंय हे काय खोटं आहे का चाचा? पटत नसेल तर पैसे परत मागा."

चाची उठल्या. "चला जी. म्हणलं होतं ना म्या, हसतील म्हणून." दोघं निघून गेले. त्या दिवसाच्या स्टेशन डायरीत या भेटीची एक ओळही नाही. ती कोरी जागा मला आजही टोचते.

बारा दिवसांनी बसस्थानकासमोरच्या न्हाव्याचा फोन आला. माणूस भरवशाचा, उगाच फोन करणारा नव्हे. "साहेब, ते जहाजवाला खुर्च्या विकायलाय. पाटी पण उतरवलीय. माझे मामा त्याच्याकडं पैसे भरून बसलेत." धंदा चालू असलेला माणूस खुर्च्या विकत नाही. मी दोन अंमलदार पाठवले आणि त्याला कागदपत्रांसह ठाण्यात आणलं.

चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर. माझ्या समोर बसून मलाच समजावू लागला, "साहेब, दर कंपनी वाढवती, शिव्या मला बसतात. तुम्ही पेपर वाचता. तेल कुठं गेलंय बघा. रिक्षा वाढली, माल वाहतूक वाढली, मग जहाज काय हवेवर चालतंय?" दारातला शिपाईसुद्धा मान डोलावत होता. चूक त्याचीही नव्हती. डिझेल वाढलं म्हटलं की आपण भाजीवाल्यालाही दुसरा प्रश्न विचारत नाही, मुकाट पैसे देतो.

दोन तास मी त्याला उलटसुलट विचारलं, पण पठ्ठ्या हलला नाही. तेवढ्यात आमच्या जीपचे ड्रायव्हर हवालदार रोजच्यासारखे लॉगबुकवर सही घ्यायला आले. किती किलोमीटर चाललं, किती तेल भरलं, काय भावाने, याची नोंद ते रोज स्वतःच्या हाताने करत. सही होईपर्यंत उभ्या उभ्या त्यांनी त्याच्या कागदांतलं, टेबलावर पडलेलं जादा पैशांचं पत्र वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"साहेब, हा तर आपल्याच पंपाचा भाव हाय."

"म्हणजे?"

"तेलाचा भाव गावागणिक बदलतो साहेब. तामलवाडीला भरलं तर येगळा, हितं येगळा, मुंबईला तर येगळाच. पैशाचा का व्हईना, फरक पडतोच." त्यांनी लॉगबुक मागे चाळलं आणि पत्राच्या तारखेच्या नोंदीवर बोट ठेवलं. दोन्हीकडे एकच आकडा होता, पैशासकट. मग त्या ठकाकडे वळून त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "का हो, मुंबईचं जहाज तेल भरायला आपल्या पंपावर येतंय व्हय?"

 मी मुंबईला जहाज कंपनीच्या कार्यालयात फोन लावला आणि त्याच्या कागदांतली प्रवाशांची नावं वाचून दाखवली. तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं, की इंधन महागलंय हे खरं आणि नव्या बुकिंगचे दर वाढवलेत हेही खरं. गरज पडली तर जुन्या प्रवाशांकडूनही अधिभार घेण्याचा अधिकार अटींच्या बारीक अक्षरांत आहे, पण यंदा तो कुणाकडून घेतलेला नाही. "आणि साहेब, तुम्ही सांगितलेली नावं आमच्या यादीतच नाहीत."

एकाही जोडप्याचं तिकीट काढलेलं नव्हतं. पंचांसमोर संगणक जप्त केला, त्यात दोन्ही पत्रं सापडली. आकडा लिहायचा म्हणून त्याने रस्त्यापलीकडच्या पंपाचा फलक बघून टाकला होता. अशी अकरा जोडपी निघाली. मी विचारलं, "एवढ्या माणसांना फसवलंस, एकानेही तक्रार केली असती तर?"

तो म्हणाला, "कुणी केली नसती साहेब. ह्या वयात जहाजात बसायला निघाले म्हणून लोक हसले असते."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण हात उचलायला मला तोंड कुठे होतं? त्याचा सगळा धंदा ज्या हसण्यावर उभा होता, ते माझ्या ठाण्यात फुकट मिळत होतं.

जबाब घ्यायला मी स्वतः चाचांच्या घरी गेलो आणि आधी माफी मागितली. आत एक नातेवाईक बसले होते, ते ऐकवत होते, "अंथरूण बघून पाय पसरावेत माणसानं." मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. लुटणारा एक, आणि अक्कल मात्र लुटलेल्याला शिकवायची! दुसऱ्याच्या पायांची लांबी मोजणारे हे कोण?

चाचींनी जबाबात सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं. "चाळीस वर्सं ह्यांनी दुसऱ्याच्या प्रवासाच्या गाड्या नीट केल्या. ईदला बी डेपोत. म्या अजून समुद्र बघितला न्हाय. हे म्हणले, आता आपण बसून जायचं, इंजिन दुसरं कोणतरी बघंल. माझे गुडघे चालतायत तवर जहाजाचा जिना चढून घेऊ, म्हणून निघालो होतो."

गुन्हा नोंदवला, त्याचं बँक खातं गोठवलं, दोषारोपपत्र मुदतीत पाठवलं. खात्यात बरीचशी रक्कम शाबूत होती. आता मिळेल, असं मी चाचींना सांगून बसलो. पण कोर्टात अर्ज, त्यावर सरकारी वकिलांचं म्हणणं, तारीख, पुढची तारीख, बँकेचा खुलासा, पुन्हा अर्ज, यात वर्ष सरलं. माझा निवृत्तीचा महिना उजाडला तेव्हा कुठे पैसे परत देण्याचा आदेश निघाला.

पोचपावतीवर सही करायला दोघं ठाण्यात आले. चाचींच्या हातात आता काठी होती. ठाणे अंमलदारांनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. चाचा म्हणाले, "साहेब, तुमच्याच फोनवरून कंपनीला विचारता का, आज काय भाव हाय?"

मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या मुलीने दर सांगितला. हातात आलेल्या रकमेत दोघांपैकी एकाचंच तिकीट निघालं असतं. "इंधन महागल्यामुळे दर वाढलेत सर," ती म्हणाली.

मी फोन ठेवला. त्या ठकाने रचलेली भाववाढ आम्ही, कायद्याच्या माणसांनी, तारखा पाडून पाडून खरी करून दाखवली होती.

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, ह्या बारीला खरंच वाढलंय का?"

"खरंच वाढलंय चाची."

"मग असू द्या," त्या म्हणाल्या. "खऱ्यापुढं काय बोलायचं?"

  ठाण्यात माणूस काही विचारायला आला, तर आधी लिहून घ्यावं आणि हसू घरी ठेवून यावं, एवढं मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. पण शिकलो ते चाचींच्या खर्चाने. काठी टेकत त्या पायऱ्या उतरत होत्या, आणि एकेका पायरीला चाचा त्यांचा हात धरत होते. ठाण्याला चारच पायऱ्या आहेत.