घुबडाची खिडकी

भरमूअण्णा नसते तर मी आज भंडाऱ्याला घरी परत गेलेलो असतो. हे आधी सांगतो, मग काय झालं ते.

साताऱ्याच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन सुरू व्हायला तासभर राहिला होता. ते भरवणाऱ्या प्राध्यापिका देशमाने मॅडम भिंतीवरच्या एका चित्रासमोर उभ्या होत्या.

"यातलं घुबड कुठं गेलं?"

मी आठवीतून शाळा सोडलेला, सांगलीच्या फ्रेमच्या दुकानात लागून तीनच महिने झालेले. चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठा असतो, त्याला खिडकी कापतात. तो माउंट. खिडकी लहान कापली की चित्राच्या कडा झाकतात. दुकानात वास्तुशांतीला द्यायची चित्रंच जास्त येतात. त्यात घुबड, वठलेलं झाड कुणाला चालत नाही. ही तर कुठल्याशा जर्मन चित्रकाराची दोनशे वर्षांपूर्वीची पेन्सिल स्केचेस, छापील प्रती. कडेला जे जे अशुभ दिसलं ते मी मुकाट्याने माउंटखाली घातलं. मॅडमचं भलं व्हावं म्हणून.

"प्रदर्शनाचा विषयच प्रतीकं आहे," मॅडम म्हणाल्या. "घुबड म्हणजे मरणाची जाणीव. तुम्ही नुसतं गवत ठेवलंय."

आमच्या दुकानाचे मालक पुढच्या चित्रापाशी गेले. त्यात एक माणूस थडग्यासमोर पाठमोरा उभा होता. थडगं मी झाकलेलं.

"आणि ह्यो हितं आडोशाला काय करायलाय?"

सगळ्यांना तेच दिसत होतं.

"कुणी कापलं हे? त्याला उद्याच गाडीत बसवतो."

आमचे जुने कारागीर भरमूअण्णा शांतपणे म्हणाले, "आवं, मीच सांगितलंतं त्याला. दोन खिडक्या करायच्या हुत्या. एक ऱ्हायलीय."

त्यांनी पिशवीतून कटर काढला. मला हळूच म्हणाले, "खिळं काढ रं."

मी मागचे खिळे काढायचे, अण्णा माउंटला हातभर अंतरावरून बघायचे आणि तळहाताएवढी दुसरी खिडकी कापायचे. एकीत घुबड, एकीत झाड, एकीत थडगं. पाहुणे जिना चढत होते तेव्हा शेवटची फ्रेम लागली.

प्रमुख पाहुणे घुबडासमोर बराच वेळ थांबले. "प्रतीकाला वेगळं घर दिलंय. वा."

"विचारपूर्वक केलंय," मॅडम म्हणाल्या.

आता मालक लग्नाच्या फोटोलाही दोन खिडक्या सुचवतात. लहानीत सासू.

मी शिकलो ते एवढंच की, चित्र अशुभ आहे का, हे गिऱ्हाइकाला विचारावं. आणि अण्णांच्या हातून कधी चूक झाली, तर ती माझी म्हणून मी पुढं होणार. अजून तरी त्यांनी एकही केलेली नाही. पण मी लक्ष ठेवून आहे.