वॉकरसाहेबांचे पूर्वज

इंग्रज माणसाला स्वतःच्या खापरपणजोबाविषयी ठाऊक नसतं ते आमच्या वरच्या काकांना ठाऊक असतं, आणि ते त्या इंग्रजाला सांगितल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. वरचे म्हणजे टोकियोलगतच्या इचिकावाला आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारे. टोकियोत आम्ही एकाच बँकेत. जपानमध्ये व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घेतात आणि खिशात न टाकता आदराने वाचतात. ही रीत काकांच्या हाती पडली म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. कार्ड तीर्थासारखं घेणार, आडनावावर थबकणार आणि समोरच्याचं कूळ बाहेर काढणार. "कूपर? म्हणजे पिंपं बनवणारे. स्मिथ? आपला लोहार." ऑडिटला आलेल्या बॅक्स्टर नावाच्या साहेबाला, "तुमचं आडनाव मुळात बाईचं, पाव भाजणारीचं," असं सांगितल्यावर तो बिचारा आठवडाभर सँडविचला शिवला नाही.

"आणि तुमचं काय?" मी एकदा विचारलं. काकांचं आडनाव 'कर'वालं.

"आमच्यात धंदा नाही, गाव असतं. पण गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव कोण देतो? सोडून गेलं की चिकटतं."

मग लंडनहून वॉकरसाहेब आले. लेकीचं बारावीचं वर्ष इथेच पुरं व्हावं म्हणून काकांना इथल्या नेमणुकीला वर्षभराची मुदतवाढ हवी होती, आणि ती याच साहेबांच्या हातात. सकाळी जिन्यात काकू मला म्हणाल्या, "भावजी, यांच्या तोंडात तो तांदळाचा चिकट मोची-लाडू कोंबा, पण त्या माणसाचं आडनाव यांना उकलू देऊ नका." काकांनी गप्प राहायची शपथ घेतली. लेक बूट चढवत शांतपणे म्हणाली, "मुरी." म्हणजे अशक्य.

मीटिंगमध्ये कार्ड आलं. काकांनी ते दोन्ही हातांत धरलं, ओठ मिटले, कान लाल झाले. शेवटी साहेबांनीच विचारलं, "काही चुकलंय का त्यात?"

"नाही सर. पण तुमचे पूर्वज नुसते चालत नव्हते, तुडवत होते. लोकरीचं कापड. शिळ्या मुतात."

दुभाषी बाईंनी जपानी पाहुण्यांना सांगितलं, यांचे पूर्वज वस्त्रोद्योगात होते. पाहुणे कौतुकाने वाकले. साहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

मुदतवाढ मिळाली नाही. त्या वर्षी मागणाऱ्या सगळ्यांचीच नाकारली होती, खर्चकपात म्हणून. पण काकांना ते पटेना. "कपातीत जाण्यात काय मजा? मी मुतापायी गेलो." काकू महिनाभर त्यांच्याशी लेकीमार्फत बोलल्या. लेक ते निरोप जपानीत पोहोचवायची, त्यामुळे काकांना निम्मे कळायचेच नाहीत. मग तिघंही पुण्याला गेली.

पुढच्या वर्षी वॉकरसाहेब पुन्हा आले. नव्या ग्राहकापुढे त्यांनी आपलं कार्ड दोन्ही हातांनी धरलं आणि त्याने वाचायच्या आत स्वतःच सगळं सांगून टाकलं, मुतासकट. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "ते गृहस्थ दिसत नाहीत?"

रविवारी मी काकांना फोनवर हे सांगितलं. माझ्या डोक्यावर नव्या भाडेकरूंची पावलं वाजत होती.

"लोकर म्हणाला ना? ती विसरतात लोक," काका म्हणाले. आणि मग, "इथे सोसायटीत मला काय म्हणतात, ठाऊक आहे? जपानकर."