तीन कॉर्डचं गाणं आणि आमची भलरी

मी तिकोणा पेठ सोडली त्या सकाळी आमच्या दारात दुधाचा टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. आईनं माझ्या मांडीवर इंद्रायणी तांदळाचं गाठोडं ठेवलं, त्यावर लोणच्याची बरणी आणि सगळ्यात वर माझी मार्कलिस्टांची फाईल. वडिलांनी, म्हणजे आमच्या आबांनी, केबिनचं दार बाहेरून दोनदा ओढून पाहिलं. मग खिडकीशी तोंड आणून म्हणाले, "सुवर्णे, शिक काय शिकायचं ते. पर आमास्नी तितं बोलावशील तवा काय दाखवशील, त्याचा इचार आत्तापास्नं कर."

टेम्पो दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याकडं निघाला आणि बरणी सांभाळण्याच्या नादात मला रडायचं सुचलं नाही.

माझ्याबरोबरच्या पोरींपैकी कुणी बहारीनला गेली, कुणी हिंजवडीला. त्या मला फोनवर चिडवतात, "तू कसली गं घर सोडून गेलेली? ओरडलीस तर आईला ऐकू जाईल!" हसा. पण ज्या घरातून आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्या घरातल्या पोरीला एक खिंडसुद्धा पुरेशी लांब असते. हे मी तुमच्यासाठी लिहितेय, बाहेर पडलेल्यांसाठी, आणि गावात राहून आमच्या आईबापांकडं येता-जाता बघणाऱ्यांसाठीही.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. हे मी मान वर करूनच सांगते, कारण ती फुकट मिळालेली नाही. पुढं लोणावळ्यातच एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागले. आता माझ्या तोंडात दिवसभर चेक-इन, लेट चेक-आउट, एक्स्ट्रा बेड असतं. गावी गेल्यावर एकदा मी आत्याला म्हणाले, "दोन मिनिटं होल्ड करा हं." आत्यानं हातातली परात खरंच धरून ठेवली.

आबांना मात्र माझी नोकरी पटली नव्हती. सरळ माणूस, सरळ बोलायचे. "येवढी शिकलीस आन् शेवटी पाव्हण्यांचंच करतीस व्हय? ते तर हितंबी होतं की."

होतंच. पवना धरणाच्या कडेला शनिवार-रविवारी तंबू लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत असताना मी भावाबरोबर तिथं चहा-भजी पोचवायला जायचे. तंबूवाल्यांकडं हमखास एक गिटार असायची. एकदा मी तिच्या तारेला नुसतं बोट लावलं, तर एक ताई म्हणाली, "अगं, हात ओले आहेत तुझे." चूक तिची नव्हती. हात ओलेच होते. पण गिटार ही पाहुण्यांची वस्तू आणि आपण भजी देणारे, हे तेव्हापासून डोक्यात बसलं. आबांचं मत तर अजून सोपं होतं. "कामधंदा न्हाई त्यांस्नी, म्हणून खाजवत बसत्यात."

नोकरी लागून बरेच दिवस झाले तरी आबा एकदाही लोणावळ्याला आले नव्हते. मी बोलावलं की विचारायचे, "काय दाखवतीस?" मी दाखवणार काय? काउंटर? कॉम्प्युटर? वरून मी हसायचे, पण मला ते लागायचं. घरातलं सगळं पणाला लावून मी बाहेर पडले, ते वाया गेलं नाही, हे मला एकदा त्यांच्या डोळ्यांना दिसायला हवं होतं.

आमच्या हॉटेलात वर्षातून एकदा स्टाफ डे असतो. त्या दुपारी लॉनवरच्या खुर्च्यांत गेस्ट नसतात, आमची घरची माणसं असतात. मेंटेनन्समधला रियाझदादा त्या दिवशी इंग्लिश गाणं म्हणतो. तो वराळ्याचा. दिवसभर गीझर आणि एसी, संध्याकाळी गिटार. त्याच्या जोडीला वाजवणारा नोकरी सोडून दुबईला गेला, तेव्हा रियाझदादा जेवणाच्या टेबलावर म्हणाला, "तीन कॉर्डचं गाणं आहे. कुणीही शिकेल." सगळ्यांनी ताटात डोकं घातलं. मी म्हणाले, "मी शिकते."

"तू?"

"का? हात कोरडे आहेत माझे."

त्याला ते कळलं नाही. मी सांगितलंही नाही. त्याच संध्याकाळी आबांना फोन करून टाकला, "या वर्षी यायचंच. दाखवायला आहे." खरं तर दाखवायला तोपर्यंत काहीच नव्हतं.

गाणं आमच्या जन्माच्या आधीचं, विलायती रॉक. मी अर्थ विचारला तर दादा म्हणाला, "एक माणूस घर सोडून निघालाय. बाकी सगळं ओरडणं." म्हटलं, मग जमेल. जी, सी आणि डी, म्हणजे तारांवर बोटांच्या तीन पकडी. ऐकायला तीन, पण बोटांना तीन गावं. जी वरून सी वर जाईपर्यंत गाणं पुढच्या फाट्याला पोचलेलं असायचं. लहानपणी विळ्यानं घट्टे पडलेली माझी बोटं काउंटरवर बसून मऊ झाली होती, ती पुन्हा सोलली. शिफ्ट संपली की लॉन्ड्रीच्या मागं, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला आमची प्रॅक्टिस. लॉन्ड्रीतल्या बायका म्हणायच्या, "आज कालच्यापेक्षा कमी दुखलं गं कानाला." हीच आमची परीक्षा.

कॉर्ड बसले. पण एक खोड जाईना. गाणं शेवटाकडं आलं की माझा हात पळायचा. रियाझदादा मागं राहायचा, मी पुढं.

"अगं ए, ट्रेन सुटतेय का तुझी?"

"मी मुद्दाम नाही करत, दादा."

"मग कोण करतं? शेवटाला शांत राहा. गाणं कुठं पळून जात नाही." आणि एकदा वैतागून म्हणाला, "हे सुधारलं नाही तर मी एकटा म्हणेन. घरची माणसं बघत असणार, हसं नको."

हसं नको, हे तर मलाच जास्त वाटत होतं.

दिवाळीत भात कापायला घरी गेले. खाचरात सगळे ओळीनं बसलो, ज्यानं त्यानं आपली पाथ धरली, म्हणजे आपल्या वाट्याचा पट्टा. आबांनी भलरी सुरू केली. आमच्या पेठेत भलरी सांगायचा मान त्यांचा. ते एक ओळ टाकतात, बाकीचे ओढून धरतात, आणि त्या ठेक्यावर विळे चालतात. सुरुवातीला संथ. पण समोरचा बांध जवळ दिसायला लागला की आबांचा आवाज चढतो, ठेका पळायला लागतो, विळे पळायला लागतात, आणि पाथ संपते ती आरोळीनंच. मी हातातली मूठ तशीच धरून मोठ्यांदा हसले. शेजारची काकू म्हणाली, "काय गं, इंचू चावला का?"

विंचू नाही, उत्तर सापडलं होतं. मी लहानपणापासून हेच ऐकत आलेले. शेवट आला की पळायचं, ही माझ्या हाताची शिकवण होती.

परत येऊन रियाझदादाला सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. "म्हणजे मी तुझ्याशी नाही, तुझ्या अख्ख्या गावाशी भांडतोय!" मग मी सवय मोडायला बसले. लॉन्ड्रीचं मोठं मशीन एका लयीत घुमतं. त्याच्यासमोर उभी राहून पायानं ठेका धरत वाजवायचे. मशीन कधी शेवटाला पळत नाही. हळूहळू मीही पळायची थांबले.

स्टाफ डेला आबा आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. आई म्हशींपायी घरी राहिली होती. मी आबांना काउंटर दाखवलं. "हितं बसतीस व्हय?" एवढंच म्हणाले आणि लॉनवर पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी गिटार घेऊन पुढं आले तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं, ते तंबूवाल्यांकडं बघताना यायचं तेच होतं.

रियाझदादानं गाणं उचललं. जी, सी, डी. बोटं जागच्या जागी पडत होती. मी खाली बघतच नव्हते, आबांकडं बघत होते. आधी त्यांचा पाय हलला. मग मांडीवर हात पडायला लागला, बरोबर ठेक्यावर. शेवटचं कडवं आलं. मी मशीनसारखी स्थिर राहिले, एका लयीत, जशी शिकले होते तशी. आणि आबा खुर्चीवरून उठलेच.

"अगं, म्होरं बांध दिसतुया! थांबलीस का? पळीव!"

लॉनवर हशा पिकला. आबांचं लक्ष नव्हतं. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि टाळी प्रत्येक फेरीला चढत होती. मी रियाझदादाकडं पाहिलं. त्यानं मान नकारार्थी हलवली. मग आबांकडं बघितलं, हसला, आणि गाता गाताच डोळ्यानं म्हणाला, जा.

मी सुटले. असा हात मी आयुष्यात पळवला नव्हता. रियाझदादा मागून धावत आला आणि मला गाठलं, लॉन्ड्रीच्या बायका उभ्या राहिल्या, किचनवाल्यांनी झाऱ्यांनी भांडी बडवली, आणि त्या विलायती गाण्याचा शेवट तिकोणा पेठेच्या आरोळीनं झाला. आरोळी आबांची. शिट्ट्या थांबेनात. आम्हाला ते पुन्हा वाजवायला लावलं, तसंच, पळवून.

नंतर आबा रियाझदादाला म्हणाले, "पोरा, गळा गोड हाय तुझा. पर शेवटाला दम धरतोस. तसं करू न्हाई."

"आबा, मी हिला इतके दिवस तेच शिकवत होतो."

"मग चुकीचं शिकवलंस."

संध्याकाळी परतायची जीप दारात आली. आबा माझ्या जागेत चहा पीत बसले होते. एक खोली, तिला स्वयंपाकाचा ओटा आणि बाहेर दोन कुंड्या. आमच्याकडं तिला सगळे 'खोली'च म्हणतात. आबांनी ड्रायव्हरला हातानंच जा म्हणून सांगितलं आणि आईला फोन लावला. त्यांना हळू बोलता येत नाही.

"म्हशींची धार तूच काढ. आज येत न्हाई मी... अगं, कुटं म्हंजे? पोरीच्या घरी हाय."

मी ओट्याकडं तोंड करून उभी राहिले. बाहेर पडलेल्या बायांनो, तुम्हाला कळेल मी का वळले नाही ते.

पवनेच्या कडेला आणि लोणावळ्याच्या चढावर मोठमोठाले बंगले आहेत. मालक मुंबई-पुण्याचे, वर्षातून थोडे दिवस येतात, आणि चेक-इन करताना कुणी कुणी मला सांगतंही, "आमचंही इथं सेकंड होम होतं, मागं विकलं." आता मीही मनात म्हणते, साहेब, माझंपण आहे. पहिलं तिकोणा पेठेत, सेकंड होम लोणावळ्यात, आणि त्या दुसऱ्याचा पहिला पाहुणा माझा बाप होता.