सर्व्हर सुरू होतानाचे चार सेकंद

तुम्ही कॉम्प्युटर चालू करता आणि चहा घ्यायला उठता. सर्व्हरवर मात्र विंडोज यायच्या आधी चार सेकंद एक काळा स्क्रीन येतो. तेवढ्यात कंट्रोल आणि आर दाबलं, तर डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरची सेटिंग उघडते: डिस्क किती, कोणती जोडायची, कोणती पुसायची. उधन्याच्या आमच्या दुकानात सुनीलभाऊ आणि मी सर्व्हर दुरुस्तीचं हेच काम करतो. या चार सेकंदांनी मला जेवढे धक्के दिलेत, तेवढे सासरच्यांनीही दिले नाहीत! एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा ढकलत येतो.

*

पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग युनिटमध्ये मी सात वेळा सर्व्हर चालू-बंद केला. कंट्रोल-आर दाबतेय, दाबतेय, आणि स्क्रीन सरळ पुढे! कंट्रोलर गेला असं शेठना सांगणार, तेवढ्यात सहज कीबोर्ड उलटा केला. आतून मूठभर निळा रंग पडला. आरचं बटण त्यात पार चिकटलेलं.

“शेठ, हे कधीपासून?”

शेठ शांत. “बेन, आर कोण वापरे छे? अमे तो फक्त आंकडा ज टाइप करिए!”

*

एका लूम कारखान्याच्या ऑफिसात बापूकाका बसतात, मूळचे साक्रीकडचे. मी शिरले तर सर्व्हर किंचाळत होता. दोनपैकी एक डिस्क मेली की कंट्रोलर असा भोंगा वाजवतो.

“काका, कधीपासून वाजतोय?”

“दिवाईपासून! रोज सकाळे मी बंद करस. मोबाईलवर देखीसन शिकनू.”

होळी तोंडावर आलेली! एवढे महिने कारखाना एका डिस्कवर चाललेला. मी डोक्याला हात लावला. “अहो, डिस्क मेलीय म्हणून ओरडतोय तो!”

काकांनी सर्व्हर परत चालू करून, सेटिंगमध्ये जाऊन भोंगा बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. “मंग काय झायं? आते गप बसना ना!”

*

साड्यांच्या डिझाइन रूममध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, डिझाइन चोरीला जाईल म्हणून. तिथला सर्व्हर काळ्या स्क्रीनवरच अडकला, तेव्हा तिथल्या गोपाळला मी लँडलाइनवर म्हटलं, “स्क्रीनवर काय लिहिलंय ते उतरवून आण.” गोपाळ नांदेडचा, विणकामाचे नमुने ग्राफ पेपरवर काढणारा. तासाभराने दुकानात आला, हातात ग्राफ पेपर. अख्खा स्क्रीन चौकोन-चौकोन मोजून काढलेला, एकूण एक अक्षर बरोबर! मी विचारलं, “अरे, इंग्रजी एवढं चांगलं येतं तुला?”

“एक अक्षर येत नाही, म्याडम. म्हणून तर चुकलं नाही.”

*

आणि पांडेसऱ्याचं. साडी प्रिंटिंगची मिल. लताताईंनी अकरा वर्षं खपून काढलेली डिझाइनं एकाच सर्व्हरवर. दुसरी कॉपी नाही, शेठ करूच देत नव्हते.

दसऱ्याला लताताईंचा फोन. “ताई, लवकर या. सर्व्हर काहीतरी विचारत होता.”

सुनीलभाऊ आणि मी धावलो. सर्व्हरला झेंडूचा हार! दसऱ्याला तिथे प्रत्येक मशीन पुसून पूजा करतात. सर्व्हरला बाहेरून एक टिळा लावून मन भरेना, म्हणून तिथल्या लोकांनी चालू सर्व्हरमधून चारही डिस्क खेचल्या, पुसल्या, प्रत्येकीला कुंकू लावलं आणि परत बसवल्या.

चालू असताना डिस्क अशा ओढल्या की पुढच्या वेळी कंट्रोलर त्यांना ओळखत नाही. तो विचारतो, जुनी जोडणी परत घेऊ की पुसून टाकू? परत घेतली तर बहुतेक वेळा सगळं वाचतं.

“काही दाबलं नाही ना?” सुनीलभाऊंनी विचारलं.

लताताई रडकुंडीला आलेल्या. “मी हातसुद्धा लावला नाही. पूजेनंतर पहिलं बटण दाबायचा मान गुरुजींचा, दरवर्षी.”

मी स्क्रीन बघितला. जोडणीच्या जागी काहीच नव्हतं. जुनी जोडणी पुसली गेली होती. गुरुजी दारात प्रसाद वाटत होते.

“गुरुजी, पुसू का म्हणून त्याने विचारलं, खात्री आहे का म्हणून परत विचारलं, आणि तुम्ही दोन्ही वेळा हो दाबलंत?”

“अर्थात!” गुरुजींनी माझ्या हातावर पेढा ठेवला. “दसऱ्याच्या दिवशी विचारणाऱ्याला नाही म्हणू नये.”