फणसाच्या लाकडाचं स्टँड

ऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलं की रुकिना टेंपे बांधायला बसायची. उकडून गार केलेलं सोयाबीन मूठमूठ केळीच्या पानात घ्यायचं, पान दुमडायचं, वरून दोरा; दोन दिवसांत ते आंबून त्याची घट्ट वडी होते. त्या सकाळीही तेच चाललं होतं. तिचा नवरा कासिदी खिडकीपाशी खुर्चीत बसून पिंजऱ्यातल्या होल्याला दाणे टाकत होता. खुर्ची त्याच्या अजून अंगवळणी पडली नव्हती; स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा तो कडेला टेकून बसे. तीन महिन्यांपूर्वी रंबुतानच्या झाडावरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, आत पट्टी बसवावी लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, यापुढे मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, कमरेत वाकायचं नाही.

तेवढ्यात दार वाजलं. दार सताड उघडं होतं, तरी वाजलं.

दारात प्रानोतो उभा होता, कासिदीच्या कारखान्याचे मालक म्बाह सास्त्रो, म्हणजे सास्त्रोआजोबा, यांचा मुलगा. या घरात तो लहानपणापासून हाक न मारता शिरायचा.

"आज वाजवून येतोस होय रे?" रुकिना हसून म्हणाली. "उद्या चिठ्ठी पाठवशील आधी!"

प्रानोतो हसला नाही. त्याच्यामागे टेंपोत गोणपाटात गुंडाळलेलं ड्रिल मशीन होतं. कासिदीचंच. म्हणजे म्बाहांचं, पण अडतीस वर्षं त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"कांग," थोरल्या भावाला म्हणावं तसं प्रानोतो नजर खाली ठेवून म्हणाला, "बाबा म्हणाले, जायच्या-यायच्या त्रासात पडू नका. घरीच निवांत काम करा. लाकूड मी आणून देत जाईन."

"बाबांना सांग, फार उपकार झाले," कासिदी म्हणाला.

टेंपो गेल्यावर त्याने पिंजऱ्यावर कापड टाकलं. "संपलं," म्हणाला.

"काय संपलं? घरी काम करा म्हणाले, काढून टाकलं असं कुठे म्हणाले?"

"तसं तोंडाने म्हणतील तर ते म्बाह सास्त्रो कसले?"

रुकिनाने पुढचं पान ओढून घेतलं. जावातल्या या गावात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक असतं की नकार गोड बोलूनच येतो.

कासिदी त्या कारखान्यात आला तेव्हा वीस वर्षांचा होता. कारखाना म्हणजे म्बाहांच्या अंगणातला उघडा ओटा. त्यावर चटई टाकून सहाजण बसत आणि तसबीचे, म्हणजे जपमाळेचे, मणी पाडत. लाकडाची पट्टी मशीनखाली धरायची, पोकळ बिट खाली ओढायचं, की गोल मणी टपकन सुटतो. सुरुवातीला त्याचे मणी अंड्यासारखे निघत. म्बाह ते हातात घेत आणि चुलीत टाकत. वर्षभराने एक मणी त्यांनी चुलीत टाकला नाही, खिशात ठेवला. शाबासकी म्हणून एवढीच काय ती मिळाली, पण त्या दिवशी कासिदी घरी पळत आला होता. पुढे कासिदी-रुकिनाची थोरली मुलगी आठ महिन्यांची असताना वारली. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला म्बाह आले ते नव्व्याण्णव मण्यांची चंदनाची तसबी घेऊन. स्वतः पाडलेली. कासिदीच्या हातात ठेवून ते त्याच्या शेजारी सकाळपर्यंत बसून राहिले. आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत, दिसत जवळजवळ नाही, तरी रोज ओट्यावर आपल्या जागी बसतात आणि मणी बोटांनी चाचपून ओवतात.

मशीन आठ दिवस गोणपाटात राहिलं. नवव्या दिवशी कासिदीने मागच्या पडवीतलं फणसाचं जुनं लाकूड काढलं.

मशीन जमिनीवर ठेवून चालणार नव्हतं, म्हणजे कासिदीला उभ्याने चालवता येईल असं स्टँड हवं. डोक्याकडे जड, बुडाशी हलकं असं हे यंत्र. म्हणून त्याने चारही पाय खाली फाकते ठेवले. वरची फळी दुहेरी केली, आरपार चार बोल्ट घेतले. फळीखाली तीन खण. पहिल्यात लाकडाच्या ठोकळ्याला भोकं पाडून प्रत्येक बिटाला आपापलं घर. दुसऱ्याला तळाशी जाळी, म्हणजे भुसा खाली गळावा आणि मणी वर राहावेत. तिसरा बिट आवळायची चावी, तेलाची बुधली, चिंध्या यांसाठी. खणांखाली एक पेटी केली, त्यात नदीतले गोटे भरले, म्हणजे वजनाने स्टँड थरथरणार नाही. बारा दिवस लागले. मशीन चढवून चालू केलं आणि शेजारी चहाचा पेला ठेवला. चहा हलला नाही.

"सुरेख झालं," रुकिना मनापासून म्हणाली.

"हं." त्याने पाच-सहा मणी पाडले आणि मशीन बंद केलं. "आवाज बघ कसा येतो. एकट्याचा."

दुसऱ्या दिवशी टेंपेची टोपली घेऊन रुकिना बाजारात गेली, ती परतताना मुद्दाम प्रानोतोच्या घरावरून आली. आडवळणाने विचारायचं तिने ठरवलं होतं. ऐन वेळी सरळच विचारलं.

"काढून टाकलंय का माझ्या नवऱ्याला?"

प्रानोतो दचकला. "छे, ताई! अहो, कांगना खाली बसता येत नाही. खुर्ची टाकली तर त्यांचं डोकं बाबांच्या डोक्याच्या वर जाणार. बाबांना त्याचं काही नाही. पण थोरांच्या वर डोकं ठेवून बसणं कांगना सोसेल? दोन दिवस येतील, तिसऱ्या दिवशी लाजेने घरी बसतील. म्हणून बाबांनी मशीनच पाठवलं."

घरी येऊन तिने शब्दन् शब्द सांगितला. कासिदीने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ओसरीच्या कडेला बस जरा. मांडी घालून."

"मी? कशाला?"

"आपली ओसरी म्बाहांच्या ओट्याहून एका विटेने ठेंगणी आहे. खाली वीट घे. आणि म्बाह बसतात तशी किंचित वाकून बस."

"दाढी पण लावू का?" रुकिना म्हणाली, पण विटेवर बसली.

तो काठीच्या आधाराने अंगणात उतरला, न्हाणीघरातलं स्टूल तिच्याजवळ ओढून त्यावर बसला आणि एक लांब पट्टी दोघांच्या डोक्यांवर आडवी धरली. "कुठे उतरते?"

"तुमच्याकडे. दोन बोटं." ओट्याखाली स्टुलावर बसलं तर आपलं डोकं म्बाहांच्या डोक्याखाली राहतं का, हे तो मोजतोय, ते आता तिच्या लक्षात आलं होतं.

त्याने करवत काढली. बारा दिवस खपून केलेलं स्टँड आडवं पाडलं, पेटीतले गोटे ओतून टाकले आणि प्रत्येक पायावर दीड वितीची खूण केली. पहिला पाय कापताना रुकिनाला बघवेना. चुलीवर काही नसतानाही ती आत जाऊन चूल फुंकत बसली. गोट्यांची पेटी वर सरकवायला तिसरा खण गेला. चावी आणि तेल त्याने बिटांच्या खणात कोंबलं. स्टँड बुटकं झालं, पण स्टुलावर बसून हात बरोबर पोचत होता.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर प्रानोतोचा टेंपो बोलावून दोघं म्बाहांकडे गेली. स्टँड टेंपोतच राहू दिलं. ओट्यावर सगळे बसले होते. यंत्रं थांबली. वडीलधाऱ्यांच्या पुढ्यातून जायचं तर कमरेत वाकून जायचं. कासिदीला आता वाकता येत नव्हतं, म्हणून तो ओट्यावर चढलाच नाही. खाली कडेशी थांबला, बरोबर आणलेलं स्टूल टेकवून त्यावर बसला. अडतीस वर्षांत त्याने म्बाहांकडे काही मागितलं नव्हतं. मागायचंच झालं तर हवापाण्यापासून सुरुवात करायची असते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"कोण?" म्बाहांनी मान वळवली. त्यांच्या बोटांत अर्धी ओवलेली तसबी होती.

"कासिदी."

"खुबा कसा आहे?"

"बरा आहे. म्बाह, मला घरी काम नको. इथे खाली, ओट्याच्या कडेला, मशीन मांडू द्या. मोजून आलोय, डोकं तुमच्या खालीच राहतं."