विठ्ठलआण्णांच्या खांद्यावरची चार बोटं

भरे फाट्यावर माझं पिको-फॉलचं दुकान हाय, आन् भिंतीला भिंत लावून रेश्माचं फ्लेक्सचं. तिच्याकडं कोण काय बोललं ते मला मशीन चालू असतानाबी ऐकू येतं. मुद्दाम ऐकत न्हाई बरं का मी. भिंतच पातळ हाय.

आमच्या गावातला माणूस पाळण्यापास्नं रेश्माच्या हाताखालनं जातो. बारसं, वाढदिवस, हार्दिक अभिनंदन, समदं तीच करते. एकदा फोटो कापून ठेवला की तोच जन्मभर. मेल्यावरबी तोच, नुसता रंग काढायचा आन् वर भावपूर्ण श्रद्धांजली लिहायचं. गंगूबाई अजून ठणठणीत हाय, पण नथ घालून येऊन आपला फोटो आधीच पसंत करून गेलीय. येता-जाता दारातनं वरडते, "रेश्मे, माझा हाय न्हवं नीट?"

रेश्मा बोलायला गरीब, पण कामात लई हट्टी. फोटो कापायचा तर केसाची बट न् बट सोडवून घेणार. आन् ठेवलेला माणूस कधी काढून टाकणार न्हाई. बाहेर पार्ट्या बदलू द्यात, सोयरिकी मोडू द्यात, हिच्या कंप्युटरात गाव हात जोडून एकत्र उभं.

त्यातला विठ्ठलआण्णांचा फोटो म्हणजे गंमतच. आता मिशी पांढरीफेक, पण फ्लेक्सवर अजून काळी कुळकुळीत. तो फोटो खरं तर दोघा भावांचा. गावच्या जत्रंतला. धाकट्या नथूनं आण्णांच्या गळ्यात हात टाकलाय. पुढं मारुंजीची सामाईक जमीन विकायची का न्हाई ह्यावरनं दोघांचं वाजलं, आन् बोलणंच तुटलं. नथू मारुंजीला ऱ्हायला गेला. आण्णांनी घरातला फोटो रागाच्या भरात फाडला आन् रेश्माला म्हणले, "त्याला काढ."

तिनं नथूला कापला, पण त्याची चार बोटं आण्णांच्या खांद्यावर ऱ्हायली. ती काढावीत तर आण्णांचा खांदाच जायचा. मग तिनं वर भगवं उपरणं टाकलं. दरसाल फ्लेक्सवर तेच उपरणं. त्याखाली काय हाय ते गावाला ठावं, पण बोलत कुणी न्हाई. मी बोलते.

औंदा आण्णांच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळीच कंप्युटर बसला. निळा पडदा, दोन इंग्रजी ओळी, बंद. परत चालू, परत निळा पडदा. रेश्मा रडकुंडीला आली. माझ्या वरच्या खोलीत निरंजन भाड्यानं ऱ्हातो, सांगलीकडचा, हिंजवडीच्या कंपनीत हाय. त्या दिवशी घरूनच काम करत हुता. त्याला मी हाताला धरून खाली आणला.

त्यानं दोन बटणं दाबली न् म्हणला, "ताई, सरळ फॉरमॅट मारू. नवीन विंडोज टाकतो. जेवणाच्या आत मशीन नव्यासारखं."

"आन् आतली माणसं?"

"कुठं ठेवलीत?"

"ही काय, समोरच. डेस्कटॉपवर."

निरंजननं कपाळाला हात लावला. "मग ती सगळी जाणार. दुसरीकडं कॉपी नाही?"

"दुसरीकडं कशाला? माणसं डोळ्यांसमोर नकोत व्हय?"

"मग बिघाड शोधावा लागेल. पटकन सापडेल, नाहीतर दिवस जाईल."

आन् फ्लेक्स तर दुपारपतूर पिरंगुटला छापायला जायला हवा. तेवढ्यात आण्णा आले. त्यांना समदं सांगितलं, आन् मला काय गप बसवेना. "फॉरमॅटच मारा. आण्णांचा नवा फोटो काढू, पांढऱ्या मिशीचा."

आण्णांचा हात मिशीवर गेला. "अजिबात न्हाई. बिघाड शोध, पोरा."

"मिशीसाठी व्हय एवढं?"

"व्हय, मिशीसाठीच. तू तुझं फॉल लाव."

पण माणूस स्टुलावरनं हलंना. चहा दिला, त्यावर साय धरली. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरातला फोटो ह्यानंच फाडलेला. भावाचा म्हणून जो काय उरलाय, तो ह्या खोक्यात. वाईट वाटलं मला त्यांचं.

निरंजननं लई खटपट केली. दोनदा निळा पडदाच आला. मग सेफ मोड का काय म्हणतात त्यात कंप्युटर लंगडत उभा ऱ्हायला. चित्रं मोठी मोठी, रंग भलतेच, पण दिसत हुतं. "आता थांबून बिघाड शोधायचा, की फॉरमॅट?" त्यानं विचारलं.

रेश्मा म्हणली, "आधी माणसं बाहेर काढ. मग घर पाड."

त्यानं पेनड्राइव्ह लावला. एकेक फोटो उघडून बघत रेश्मा खात्री करत हुती. गंगूबाई नथीसकट निघाली. सरपंच निघाले, पडलेले सरपंचबी निघाले. आन् मग जत्रंतला फोटो आला. न कापलेला, अख्खा. नथू दात काढून हसतोय आन् हात आण्णांच्या खांद्यावर.

आण्णा उठून पडद्याजवळ गेले. "माझ्यापरास ह्याचीच मिशी बरी हुती," म्हणले.

निरंजननं नवीन विंडोज टाकलं, पुन्हा समदं चालू झालं. रेश्मा नेहमीसारखी उपरणं शोधायला लागली.

"उपरणं नको," आण्णा म्हणले.

"बोटं दिसत्याल, आण्णा."

"दिसू दे. आन् बोटांमागचा माणूसबी घे."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. दुपारी मारुंजीहून नथूची मोटरसायकल आली न् फ्लेक्सखाली थांबली. कुणीतरी कळवलं असणार. मीच कळवलं. बराच वेळ तो वर बघत उभा. मग तरातरा रेश्माच्या दारात. आता हा शिव्या घालणार म्हणून मी कात्री घेऊनच धावले.

"मला न विचारता माझा फोटो कुणी लावला?"

"आण्णांनी," रेश्मा पुटपुटली.

नथू स्टुलावर बसला. रुमाल काढला, नुसताच हातात धरून ठेवला. मग हळूच म्हणला, "त्याची एक प्रत मला मिळल का? माझी मी फाडली हुती."

"आण्णांनीबी," मी म्हणले.

त्यानं माझ्याकडं बघितलं, रुमाल तोंडाला लावला, आन् विचारलं, "केक किती वाजता कापणार हायेत?"