उपवासाचा सत्कार

मुलगी सिंगापूरच्या शाळेत सेकंडरी थ्रीला, म्हणजे नववीला होती त्या वर्षी तिचे दोन सत्कार झाले. शाळेने तिला आरोग्यदूत नेमून बिल्ला लावला आणि इथल्या मराठी मंडळींनी गणपतीत तिला शाल दिली, परदेशात राहून उपवास पाळते म्हणून. दोन्ही वेळी मी टाळ्या वाजवल्या, पण मनापासून नाही.

आमच्या घरात उपवास बायको करते. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी असा बेत असतो आणि उपवास नसलेला मीच सर्वांत जास्त जेवतो. त्यावरून मी बायकोची वर्षानुवर्षं थट्टा करत आलो आहे. मुलीला यात कधी रस नव्हता. त्या वर्षी मात्र तिने अचानक संकष्टी धरली, मग गुरुवार, मग सोमवार. बायको हरखून गेली. पुण्याहून आजीने व्हिडिओ कॉलवर डोळे पुसले.

मला पहिली शंका खिचडीमुळे आली. मुलीने वाटी न उष्टावता परत सरकवली.

"साबुदाण्यात नुसता स्टार्च असतो, बाबा."

देवासाठी उपाशी राहणाऱ्या माणसाला स्टार्चशी काय करायचं आहे, हे मला कळेना. नंतर इतर गोष्टी दिसू लागल्या. सिंगापूरच्या उकाड्यात ती घरातही स्वेटर घालून बसायची. न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके अडकायचे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, ती फिश सूप मागवायची, माशाचे तुकडे काठाला लावून ठेवायची आणि नुसतं सूपचं पाणी प्यायची. उपवास नसलेल्या दिवशी शाळेत भरपूर खाल्लेलं असायचं, असं ती सांगायची.

मी बायकोजवळ विषय काढला. ती म्हणाली, "तुम्हाला देवाचं काही बघवतच नाही." आयुष्यभर उपवासांची टिंगल करणाऱ्याने एक दिवस गंभीर चेहऱ्याने उपवास वाईट म्हटलं, तर कोण ऐकणार?

शाळेच्या समारंभात मुख्याध्यापिका साखरेच्या दुष्परिणामांवर बराच वेळ बोलल्या. त्यानंतर गाजराचा वेष घातलेले एक शिक्षक नाचले. मग माझी मुलगी स्टेजवर गेली आणि सकाळच्या न्याहारीचं महत्त्व तिने छान, स्वच्छ इंग्रजीत समजावून सांगितलं. ती स्वतः सकाळी काही न खाता घराबाहेर पडली होती. तिच्या वर्गशिक्षिका मला कौतुकाने म्हणाल्या की हिच्यामुळे हिच्या मैत्रिणींनीही रिसेसमध्ये तळलेलं सोडलं आहे. त्या मैत्रिणी मागच्या रांगेत बसल्या होत्या. मी एकेकीच्या मनगटाकडे बघत राहिलो. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरोखर घाबरलो.

गणपतीत मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी संस्कार, संस्कृती आणि स्वतःच्या कार्यकाळातली प्रगती यांवर भाषण केलं. मग शाल आली. सत्काराची शाल माणूस खांद्यावर घेतो, फोटो काढतो आणि घडी करून ठेवतो. मुलीने ती घट्ट लपेटून घेतली आणि कार्यक्रम संपेपर्यंत काढली नाही. तिला थंडी वाजत होती. हे कौतुक आहे असं समजून लोक आणखी टाळ्या वाजवत होते.

मग मला एक युक्ती सुचली. व्रत असंच सोडता येत नाही, पण त्याचं उद्यापन करता येतं. मी बायकोला म्हणालो, परीक्षा आली आहे, गुरुवारांचं उद्यापन करून टाकू या. माझ्या तोंडून हा शब्द ऐकून ती चकित झाली, पण खूशही झाली. लिटिल इंडियातून तिने फुलं, विड्याची पानं आणि मुलीसाठी हिरव्या बांगड्या आणल्या. माप मागच्या दिवाळीचंच. तेव्हा बांगड्या चढवताना हाताला साबण लावावा लागला होता.

शाळेला सुट्टी होती त्या गुरुवारी सकाळी पूजा मांडली. पुरणपोळीचा नैवेद्य तयार होता. बायकोने मुलीचा हात हातात घेऊन बांगडी सरकवली. बांगडी कुठेही न अडकता आत गेली आणि थेट कोपरापर्यंत घसरली.

बायको तो हात धरून तशीच बसली. मुलीने स्वेटरची बाही खाली ओढायचा प्रयत्न केला.

"हे कधीपासून?"

"I'm fine lah, आई. आज गुरुवार आहे ना."

बायकोने देवासमोरचं ताट उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं. नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कुणाला चव बघू न देणारी बाई ती. "देवाचं नंतर. आधी तू खा."

मुलगी पोळीकडे बघत राहिली. तिने एक कण तोडला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला.

"आई, मला भीती वाटते."

"कसली?"

"खायची."

बायकोने आग्रह केला नाही. तिने ताट बाजूला सारलं आणि मला टॅक्सी बोलवायला सांगितलं. समई तशीच तेवत होती, ती मी विझवली. टॅक्सीत मुलगी शाल पांघरून आम्हा दोघांमध्ये बसली. वळणांवर बांगडी मनगटाशी यायची आणि पुन्हा वर जायची. शेवटी बायकोने ती मुठीत धरून ठेवली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, ही नीट जेवली त्याला किती दिवस झाले? आम्हा दोघांनाही ते सांगता येईना. तिच्या छातीला तारा लावल्या आणि तिला तिथेच ठेवून घेतलं. नर्सने तिला वाटीभर पॉरिज, म्हणजे तांदळाची पेज, आणून दिलं. बायकोने चमचा भरला आणि ती हात पुढे करून थांबली. मुलगी चमच्याकडे बघत होती. मी मॉनिटरवरची हिरवी रेघ बघत होतो. एक ठोका उमटायचा, रेघ सपाट व्हायची, आणि दुसरा ठोका यायला फार वेळ लागत होता.